मिक्सर अडकला की करंट वाढतो, फिरला की उतरतो. हे नेमकं कोण ठरवतं?

पाटावरवंटा | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

गुरुवारी मेदूवड्यांसाठी उडदाची डाळ वाटायला घेतली. पाणी कमी घातलं होतं. मिक्सरने दोन गिरक्या घेतल्या, मग नुसतं घुंऽऽ करत बसला. पातं जागचं हलेना. तीन-चार सेकंदांत तो ओळखीचा वास आला आणि खालचं लाल बटण टक करून बाहेर पडलं. आई आतून ओरडली, "दोन चमचे पाणी घाल की रे, जीव जाईल त्याचा!" दहा मिनिटं थांबलो, पाणी घातलं, बटण दाबलं, आणि गडी पहिल्यासारखा फिरायला लागला.

आता गंमत बघा. संध्याकाळी प्लग काढून, मिक्सरचा स्विच तीनवर ठेवून मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजला. ९.२ ओहम. शाळेतला ओहमचा नियम लावला: २३० भागिले ९.२, म्हणजे २५ अँपिअर. पण मिक्सरवर लिहिलंय ७५० वॉट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. मग बाकीचे २१-२२ अँपिअर गेले कुठे? आणि खरंच २५ जात असतील तर ओट्याचा १६ अँपिअरचा एमसीबी रोज पडायला हवा.

मित्राला विचारलं, तर त्याने व्हॉट्सॅपवर "बॅक ईएमएफ" एवढे दोन शब्द आणि एक अंगठा पाठवला. तेव्हा जाणकारांनी अंगठा न दाखवता सांगावं.

कोपऱ्यावरचा_वायरमन | शनिवार, रात्री १०:०५

चालू होताना मोटर करंट खाते, मग सेट होते. कुठलीही मोटर घ्या, असंच असतं. तुमची डाळ अडकली म्हणून ती सेट झाली नाही.

पाटावरवंटा | शनिवार, रात्री १०:०९

हेच तर विचारतोय दादा. सेट होते म्हणजे काय? तांब्याची तार तीच, रोध तोच, सॉकेटमधलं व्होल्टेज तेच. मग "आता कमी करंट घे" असं तिला सांगतं कोण?

निवांत_इंजिनिअर | शनिवार, रात्री ११:२०

ती स्वतःच स्वतःला सांगते. जेवण झालंय, सविस्तर लिहितो.

मोटर आणि डायनॅमो या दोन वेगळ्या वस्तू आहेत हा समज आधी काढून टाका. वस्तू एकच. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात ग्रॅमचा डायनॅमो दुसऱ्या तशाच डायनॅमोला तारेने जोडून मोटर म्हणून फिरवून दाखवला होता. फिरवलं की वीज देतो, वीज दिली की फिरतो.

आता अडचण अशी की मोटर म्हणून फिरत असतानाही त्याचं डायनॅमोपण सुटत नाही. चुंबकक्षेत्रात तारेचं वेटोळं फिरतंय ना? मग फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तसं त्यात व्होल्टेज तयार होणारच. कोण फिरवतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि लेन्झने १८३४ मध्ये सांगितलं की या व्होल्टेजची दिशा नेहमी कारणाला विरोध करणारी असते. म्हणजे सॉकेट करंट आत ढकलतंय, तर मोटरच्या आतला डायनॅमो उलट बाहेर ढकलतोय. हाच तुमच्या मित्राचा बॅक ईएमएफ, म्हणजे उलटा ढकलणारा व्होल्टेज.

गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घेऊ. गच्चीवर मोठी टाकी आहे, तिची पातळी कायम तीच. तिथून एक पाइप दुसऱ्या टाकीच्या बुडाशी जोडलाय. पाइपातून पाणी किती वाहील? वरच्या टाकीची उंची एकटी ते ठरवत नाही. दोन टाक्यांच्या पातळीत फरक किती, त्यावर ते ठरतं. दुसरी टाकी कोरडी असेल तर पाणी धो धो येईल. ती भरत गेली की धार बारीक होत जाईल. पातळी सारखी झाली की वाहणं बंद.

गच्ची म्हणजे सॉकेट, पाइपाचा अरुंदपणा म्हणजे तुमचे ९.२ ओहम, दुसऱ्या टाकीची पातळी म्हणजे बॅक ईएमएफ. मोटर थांबलेली असते तेव्हा दुसरी टाकी कोरडी. वेग वाढला की पातळी वाढते.

मग ती काठोकाठ भरून करंट शून्य का होत नाही? कारण दुसऱ्या टाकीला खाली नळ आहेत आणि कुणीतरी पाणी वापरतंय. तो वापर म्हणजे तुमची डाळ. जास्त नळ उघडले, पातळी थोडी उतरली, फरक वाढला, वरून येणारी धार वाढली. मोटर हळू झाली, बॅक ईएमएफ घटला, करंट वाढला. यात कुठे कंट्रोलर नाही की सेन्सर नाही.

आकड्यात: ३.३ अँपिअर गुणिले ९.२ ओहम म्हणजे जेमतेम ३० व्होल्ट. २३० पैकी तारेच्या रोधासमोर एवढेच उरतात. बाकीचे २०० समोरून अडवलेले असतात.

शेवग्याची_शेंग | रविवार, सकाळी ७:४५

टाकीचं उदाहरण झकास. माझ्यासारख्या आर्ट्सवालीलाही कळलं. एक शंका: हे २०० व्होल्ट अडवले जातात म्हणजे वाया जातात का? बिल कुणाच्या नावावर?

निवांत_इंजिनिअर | रविवार, सकाळी ८:१०

उलट आहे. २०० व्होल्टच्या विरोधात ३.३ अँपिअर ढकलायला जी शक्ती लागते, साधारण ६६० वॉट, तीच पात्यापर्यंत पोचते. वाया जातात ते ३० व्होल्टवाले १०० वॉट, तारेची उष्णता होऊन. म्हणजे बॅक ईएमएफ ही कामाची बाजू आणि रोध ही नुकसानीची. पातं अडकलं की बॅक ईएमएफ शून्य, काम शून्य, आणि आत येणारं सगळं तांबं तापवण्यात. पंचवीस अँपिअरने हिशोब केला तर पावणेसहा किलोवॅट. जवळजवळ तीन गीझर त्या एवढ्याशा डब्यात.

खवट_काका | रविवार, सकाळी ९:३०

छान गोष्ट सांगितलीत. पण अर्धीच.

मिक्सर एसीवर चालतो. त्याची मोटर ब्रशवाली युनिव्हर्सल आहे, आर्मेचर (फिरणारं वेटोळं) आणि फील्ड (चुंबक बनवणारं स्थिर वेटोळं) सिरीजमध्ये. मल्टिमीटर दाखवतो तो डीसी रोध. पन्नास हर्ट्झवर त्याच वेटोळ्यांचा प्रेरकीय अडथळा वेगळा, आणि तो मोटर थांबली तरी असतोच. त्यामुळे पातं अडकल्यावर २५ अँपिअर जाणार नाहीत. त्याच्या निम्म्याच्या आसपास जातील. म्हणूनच १६ चा एमसीबी पडला नाही आणि लाल बटण पडलं. पाटावरवंटा यांच्या प्रश्नाचा हा भाग तुम्ही गिळून टाकला.

दुसरं, एसीत ३० अधिक २०० बरोबर २३० अशी किराणा दुकानातली बेरीज होत नाही. कोन धरून करावी लागते.

तिसरं, ईएमएफचं मराठी नाव "विद्युतगामक बल", पण ते बल नव्हे. व्होल्टमध्ये मोजतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझ्याकडे पाठवा.

निवांत_इंजिनिअर | रविवार, सकाळी ९:५२

काका, तिन्ही मुद्दे मान्य. गोष्ट सोपी करताना कोन कापला. निखळ बॅक ईएमएफ बघायचा तर डीसी मोटर हवी.

रविवारचे_प्रयोग | रविवार, दुपारी २:३०

आयडीला जागलो. धागा वाचून पोराच्या मोडक्या गाडीतली मोटर काढली. जुना ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर, दोन मल्टिमीटर (एक शेजाऱ्यांचा), आणि मोटरच्या दांड्यावर फेव्हिक्विकने चिकटवलेला कॅरमचा स्ट्रायकर. स्ट्रायकर अशासाठी की नुसता दांडा हाताने धरता येत नाही, आणि वजन असलं की मोटर लगेच थांबत नाही. मधोमध चिकटवायला तीन प्रयत्न लागले. पहिल्या दोन वेळी टेबल नाचायला लागलं.

स्ट्रायकर घट्ट धरून ठेवला: मोटरच्या टोकांवर ४.१ व्होल्ट, करंट १.६ अँपिअर. भागाकार २.५६ ओहम. चार्जर दमला म्हणून व्होल्टेज पाचाखाली आलं. पाच-सहा सेकंदांत मोटरचा पत्रा बोटाला चांगला गरम लागला.

मोकळा सोडला: ४.९५ व्होल्ट, ०.१८ अँपिअर. तारेत पडलेले व्होल्ट ०.१८ गुणिले २.५६, म्हणजे ०.४६. उरलेले ४.४९ व्होल्ट बॅक ईएमएफ. पाचातले साडेचार!

कडेला बोट हलकं टेकवलं: ४.७ व्होल्ट, ०.७ अँपिअर. हिशोबाने बॅक ईएमएफ २.९. कानालाही कळत होतं, आवाज तेवढाच खाली उतरला होता.

आणि मला सगळ्यात आवडलेलं: मोटर पूर्ण वेगात असताना चार्जरची वायर उपटली. करंट शून्य, पण व्होल्टमीटरवर चारच्या आसपास आकडा, मग ३, २, १ असा उतरत स्ट्रायकर थांबला तेव्हा शून्य. म्हणजे तो विरोध करणारा डायनॅमो आत पहिल्यापासून होता, आपल्याला दिसत नव्हता इतकंच.

पाटावरवंटा | रविवार, दुपारी २:४१

साष्टांग दंडवत! हे वाचून डोक्यात एकदम लख्ख झालं.

खवट_काका | रविवार, दुपारी ३:०५

ब्रशवरचे व्होल्ट धरले नाहीत आणि तापल्यावर रोध वाढतो तेही नाही. पण प्रयोग चांगला. माझ्या काळी विद्यार्थी एवढंही करत नसत.

विहीरकाठ | रविवार, रात्री ८:१५

धागा सकाळपासून वाचतोय. आमच्याकडे मिक्सर नाही, मोटर जळते. बोअरमध्ये ५ एचपी थ्री फेज सबमर्सिबल आहे. यंदा दोनदा भरून आणली. दर वेळी वाइंडर म्हणतो "व्होल्टेज कमी होतं". मला हे पटत नाही. व्होल्टेज कमी तर करंट कमी, मग तापेल कशाला? बल्ब तर कमी व्होल्टेजला मंद होतो, गार राहतो.

हे असलं तर बघा: नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, ९.५ अँपिअर. परवा रात्री ३३५ व्होल्ट होते, पॅनेलचा अँपिअरचा काटा १२.५ वर. थोड्या वेळाने ट्रिप.

कोपऱ्यावरचा_वायरमन | रविवार, रात्री ८:३२

ओव्हरलोड रिले कितीवर सेट आहे? कुणी फिरवून वाढवून ठेवलाय का? दहा गावांतले पंप बघतो, निम्म्या ठिकाणी रिले शेवटच्या आकड्यावर असतो. "ट्रिप होते म्हणून वाढवला" म्हणतात. आणि दोन फेजवर कंडेन्सर लावून चालवता का? खरं सांगा, इथे कुणी रागावणार नाही.

विहीरकाठ | रविवार, रात्री ८:४०

रिले १० वर आहे. कंडेन्सर दोन वर्षांपूर्वी काढला.

खवट_काका | रविवार, रात्री ९:२०

विहीरकाठ, वाइंडरचं बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. बल्ब हा नुसता रोध. मोटर म्हणजे रोध आणि अंगावर घेतलेलं काम. पंपाला वर पाणी चढवायचं आहे, आणि तुमचं व्होल्टेज उतरलं म्हणून बोअरची खोली कमी होत नाही.

पण तुमची मोटर इंडक्शनची आहे, तेव्हा वरची गोष्ट जशीच्या तशी लावू नका. हिला ब्रश नाहीत. बाहेरच्या वेटोळ्यात फिरतं चुंबकक्षेत्र तयार होतं. सबमर्सिबल बहुतेक दोन पोलची, म्हणजे पन्नास हर्ट्झला मिनिटाला ३००० फेरे. रोटर त्याच्यामागे धावतो, पण कायम थोडा मागे, समजा २८५०. हा पाच टक्क्यांचा फरक म्हणजे स्लिप. रोटरच्या दांड्यांत व्होल्टेज तयार होतं ते या फरकामुळे. रोटर जागेवर अडकला तर फरक शंभर टक्के. तेव्हा मोटर म्हणजे दुय्यम बाजू शॉर्ट केलेला ट्रान्सफॉर्मर, आणि करंट नेहमीच्या पाच-सहा पट.

आता व्होल्टेज ४१५ वरून ३३५ वर आलं, म्हणजे साधारण ८१ टक्के. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, ०.८१ चा वर्ग ०.६५. जोर पाऊण सोडा, पाऊणच्याही खाली. तेवढंच पाणी चढवायला रोटर आणखी मागे पडतो, स्लिप वाढते, रोटरचा करंट वाढतो, आणि तोच बाहेरच्या वेटोळ्यात दिसतो. उष्णता करंटच्या वर्गाने. १२.५ भागिले ९.५ चा वर्ग १.७३. पाऊणपट जादा तापमान नव्हे, पाऊणपट जादा उष्णता. दोन्हींत फरक आहे, पण तारेवरच्या इनॅमलच्या थराला दोन्ही नकोच.

तरीही नुसत्या व्होल्टेजने साडेनऊचे साडेबारा हे मला जरा जास्त वाटतं. पंप आतून घासतोय का बघा. वाळू, गाळ, बेअरिंग.

विहीरकाठ | रविवार, रात्री ९:३४

वर्गाचं कुणी सांगितलं नव्हतं. पंप काढायला पाच माणसं आणि एक दिवस लागतो, बघतो.

बोरघाट | सोमवार, पहाटे ५:५०

झोप लवकर उघडते म्हणून लिहितोय. कारशेडमध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त. बॅक ईएमएफ हा शब्द आम्ही पुस्तकात नंतर वाचला. आधी कानाने ऐकला.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. आमच्या वेळेपर्यंत तेच होतं. गाडी स्टेशनात उभी म्हणजे ट्रॅक्शन मोटर उभी, म्हणजे बॅक ईएमएफ शून्य. मोटरचा स्वतःचा रोध ओहमच्या अपूर्णांकात. थेट १५०० दिले तर मोटरही जाईल आणि सबस्टेशनचा ब्रेकरही. म्हणून सुरुवातीला चारही मोटारी एकामागे एक, वर लोखंडी ग्रिडचे रोध. गाडी हलली, बॅक ईएमएफ चढायला लागला, करंट ठरावीक आकड्याखाली उतरला की एक रोध बाद. पुन्हा उतरला, दुसरा बाद. डब्याखालून टक... टक... टक असा आवाज यायचा तो हाच. जुने प्रवासी ओळखतील. सगळे रोध संपले की मोटारी दोन-दोनच्या जोड्यांत, पुन्हा रोध आत, पुन्हा टक टक.

शेवटची पायरी वीक फील्ड. नवीन पोरांना विचारायचो: गाडी आणखी पळवायची तर मोटरचं चुंबक मजबूत करायचं की कमजोर? सगळे म्हणायचे मजबूत. चूक. वेगात बॅक ईएमएफ इतका चढलेला असतो की करंट आतच शिरत नाही. चुंबक कमजोर केलं की बॅक ईएमएफ उतरतो, करंट शिरतो, गाडी पळते.

आणि घाट. कर्जत-लोणावळ्याच्या १ ला ३७ च्या चढणीवरून मालगाडी खाली आणायची तर ब्रेकचे ठोकळे किती घासणार? डब्ल्यूसीजी-१ ही लांब नाकाची इंजिनं १९२८ पासून होती, त्यांत उतरताना बॅक ईएमएफ वायरच्या व्होल्टेजपेक्षा वर न्यायची सोय होती. म्हणजे इंजिनिअरसाहेबांची दुसरी टाकी गच्चीपेक्षा उंच. पाणी उलटं वाहणार. वीज तारेत परत, आणि गाडी रोखलेली. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणारीला. आता मुंबईत सगळं २५ हजार व्होल्ट एसी आहे आणि लोकलही ब्रेक लावताना वीज परत देतात, पण त्यांचा आवाज वेगळा. टक टक गेली.

शेवग्याची_शेंग | सोमवार, सकाळी ८:२०

बोरघाट, तुम्ही वेगळा धागा काढाच. ती टकटक मी वर्षानुवर्षं ऐकली, मला वाटायचं काहीतरी सैल झालंय.

सोल्डरवाली | सोमवार, दुपारी १:१५

सगळं वाचलं. पण मला एक घोळ दिसतोय, आणि तोच घोळ माझे सहा ट्रान्झिस्टर खाऊन गेला, म्हणून लिहिते.

सोसायटीच्या टाकीसाठी मी लेव्हलचा स्विच बनवत होते. १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच), ४०० ओहम कॉइल, म्हणजे ३० मिलिअँपिअर. चालवायला बीसी५४७. शंभर मिलिअँपिअरचा ट्रान्झिस्टर, तीसला काय होतंय? रिले टिक झाला, टक झाला, टिक झाला, मग कायमचा टिक. ट्रान्झिस्टर शॉर्ट. सगळे म्हणाले "बॅक ईएमएफने उडाला, डायोड लाव". मी तेव्हा जे वाचलं होतं त्यात बॅक ईएमएफ सप्लायपेक्षा कमी असतो, विरोध करतो, करंट कमी करतो. मग १२ व्होल्टपेक्षा कमी असलेली गोष्ट ४५ व्होल्ट सहन करणाऱ्या ट्रान्झिस्टरला कशी मारेल?

उत्तर असं की एकाच नावाने दोन गोष्टी चालतात. तुम्ही वर बोलताय तो फिरण्यामुळे येणारा. माझ्या रिलेत काहीच फिरत नाही. इथे कॉइलचं स्वतःचं चुंबकक्षेत्र कोसळतं आणि त्याच कॉइलमध्ये व्होल्टेज तयार करतं. त्याला सप्लायची मर्यादा नाही. करंट किती झटक्यात तोडलात एवढंच तो बघतो.

समजा कॉइल अर्ध्या हेन्रीची आहे. ३० मिलिअँपिअर एका मिलिसेकंदात शून्यावर आणले तर १५ व्होल्ट. शंभर मायक्रोसेकंदांत आणले तर १५०. दहा मायक्रोसेकंदांत, १५००. इतकं व्हायच्या आत ट्रान्झिस्टर फुटतो, म्हणून १५०० कधी दिसत नाहीत. दिसतो तो मेलेला ट्रान्झिस्टर.

सोसायटीत कुणी वरच्या मजल्यावरचा कॉक झटकन बंद केला की पाइप ठण्ण करून आपटतो ना? तेच. वाहतं पाणी "थांब" म्हटल्यावर थांबत नाही. जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये लांब तारेचं सर्किट तोडताना ठिणगी उडते याबद्दल लिहिलं, म्हणून एकक त्याच्या नावाचं.

खात्री करायची तर ९ व्होल्टच्या बॅटरीला रिलेची कॉइल लावा, कॉइलच्या दोन्ही टोकांवर बोटं ठेवा आणि बॅटरी काढा. नऊ व्होल्ट बोटाला कधी कळत नाहीत. हे कळतं. मी "आई गं" म्हणाले होते. (पेसमेकर असलेल्यांनी करू नये, आणि २३० च्या कुठल्याही गोष्टीवर कुणीच करू नये.)

कोपऱ्यावरचा_वायरमन | सोमवार, दुपारी १:४०

म्हणजे ट्यूबचा चोक! स्टार्टर उघडला की चोक झटका देतो आणि ट्यूब पेटते. आणि जुन्या मोटारगाडीचा पॉइंट. बॅटरीचे बारा व्होल्ट, प्लगला ठिणगी पंधरा-वीस हजारांची. हे मी रोज वापरत होतो, नाव आज कळलं.

सोल्डरवाली | सोमवार, दुपारी १:५५

अगदी तेच. फरक एवढाच की तिथे झटका हवा असतो, माझ्या सर्किटमध्ये नको.

रविवारचे_प्रयोग | सोमवार, रात्री ८:४५

आज ऑफिसातून आल्याआल्या एक गोष्ट ताडून पाहिली. काल मोटरची वायर उपटली तेव्हा मीटरवरचं व्होल्टेज सप्लायच्याच दिशेचं होतं, प्लस तो प्लसच. आज रिलेच्या कॉइलला एलईडी उलटा लावला, म्हणजे बॅटरी जोडलेली असताना तो पेटूच शकत नाही. बॅटरी काढली त्या क्षणी एलईडीने डोळा मारला. म्हणजे कॉइलच्या टोकांची दिशा उलटली! मग हा "विरोध" कसा? एकात प्लस प्लस राहतो, एकात उलटतो. गोंधळलो.

सोल्डरवाली | सोमवार, रात्री ९:१०

कॉइलचा विरोध करंटला नसतो, करंटमधल्या बदलाला असतो. चालू करताना करंट वाढतोय, म्हणून ती सप्लायच्या विरुद्ध ढकलते. तोडताना करंट घटतोय, म्हणून ती "जाऊ नको" म्हणत त्याच दिशेला ढकलते. तेव्हा ती स्वतः बॅटरी झालेली असते, आणि करंट तीच दिशा धरून बाहेर पडायचा तर तिची टोकं उलटी दिसणारच. डायोड उलटा बसवतात तो यासाठीच. एरवी झोपलेला, तोडताना करंटला फिरायला गोल वाट देतो. १५०० ऐवजी पाऊण व्होल्टवर भागतं. एक १एन४००७, आणि त्यानंतर माझा एकही ट्रान्झिस्टर गेला नाही. रिले सुटायला किंचित उशीर होतो, टाकीला त्याचं काही नाही.

खवट_काका | सोमवार, रात्री ९:२८

आणि मोटरमध्ये दोन्ही असतात, कारण मोटरही वेटोळीच आहे. तुमच्या स्ट्रायकरवाल्या मोटरला ऑसिलोस्कोप लावलात तर वायर उपटताक्षणी उलट्या दिशेचा एक बारीक काटा दिसेल, आणि तो ओसरला की सुलट दिशेचं चार व्होल्टचं उतरतं पठार. पहिला कॉइलचा, दुसरा फिरण्याचा. मल्टिमीटरला पहिला पकडता येत नाही.

सोल्डरवाली, प्रतिसाद उत्तम. हे मी क्वचित म्हणतो.

शेवग्याची_शेंग | मंगळवार, सकाळी ७:५५

मग छताचा पंखा पक्षी अडकून थांबला तर लगेच का जळत नाही?

निवांत_इंजिनिअर | मंगळवार, सकाळी ९:००

पंख्याची वेटोळी बारीक तारेची आणि भरपूर फेऱ्यांची, अडथळा मुळातच मोठा. फिरताना आणि अडकल्यावर करंटमध्ये फार फरक पडत नाही. तरी तासन्तास अडकलेला ठेवू नका, स्वतःचा वारा मिळत नाही म्हणून तापतो. आणि बंद करून मगच पक्षी काढा.

विहीरकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

पंप काढला. खालचे दोन इंपेलर वाळूने खाल्लेले, एक बुश घासून अंडाकृती. बदललं. काल पहाटे चारला ३९० व्होल्ट होते, काटा ९.६. आज दुपारी ३५०, काटा १०.४, मग ट्रिप. रिले हलवला नाही. व्होल्टेज बरं येईल तेव्हाच चालवतो आता, ऑटो स्विच बंद केलाय.

पाटावरवंटा | गुरुवार, रात्री १०:१०

समारोप म्हणून माझेही आकडे. वायरमनदादांकडून क्लँप मीटर आणला. मिक्सर रिकामा: १.५ अँपिअर. डाळ आणि पुरेसं पाणी: ३.१. घट्ट डाळ, मुद्दाम: ५.८ आणि चढतच होता, मी घाबरून बंद केला. आईचे दोन चमचे पाणी म्हणजे बॅक ईएमएफची सोय होती हे तिला सांगितलं. तिने वडे गार होतायत एवढंच सांगितलं.

खवट_काका | गुरुवार, रात्री १०:२५

क्लँप कुठे लावलात? पूर्ण वायरीभोवती लावला असेल तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन शून्य दिसायला हवं होतं.

पाटावरवंटा | गुरुवार, रात्री १०:३१

शून्यच दिसलं होतं. अर्धा तास मीटरला शिव्या घातल्या. मग एक्स्टेन्शनची वायर सोलून एकच तार चिमट्यात घेतली.

कोपऱ्यावरचा_वायरमन | गुरुवार, रात्री १०:४०

मीटर चांगला आहे हो माझा. परत कधी देताय?